कशावरून?



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून आजवर प्राध्यापक, वकील, डॉक्टर, साहित्यिक अशी नामांकित मंडळी बोलून गेली. त्या मालिकेत नववीत शाळा सोडलेल्या माणसाला चिटणीसांनी बोलावले, तेव्हा पत्र चुकून माझ्याकडे आले असावे असे मला वाटले. माझे आयुष्य अकोल्याच्या दालमिलांच्या आणि जिनांच्या फाटकापुढे गेले; अलीकडची काही वर्षे अमरावतीच्या औद्योगिक वसाहतीत जात आहेत. फाटकावर बोलणाऱ्याला पाळी सुटण्याच्या वेळची दहा मिनिटे मिळतात. ऐकणाऱ्याच्या पोटात भूक असते आणि डोळा घराच्या वाटेवर असतो. येथे मला पाऊण तास आहे आणि आपण खुर्च्यांवर बसला आहात. तेव्हा हाताशी वेळ आहे म्हणून मी पाल्हाळ लावला, तर अध्यक्षांनी घंटी वाजवावी.

विषय मी एका शब्दाचा घेतला आहे. ‘कशावरून?’ आपण चारचौघांत बोलतो, सभेत बोलतो, बैठकीत वाद घालतो. त्यात आपण जे ठासून सांगतो, त्याचा आधार आपण किती वेळा सांगतो? ऐकणारा तो किती वेळा मागतो? आणि सांगितला नाही, मागितला नाही, तर कोणाचे काय नुकसान होते? या तीन प्रश्नांविषयी मला जे अनुभवाने कळले, तेवढेच मी आपल्यापुढे मांडणार आहे.

आरंभ माझ्याच फजितीने करतो. आपल्या वऱ्हाडातली शकुंतला गाडी आपणां सर्वांच्या माहितीची आहे. यवतमाळ, मूर्तिजापूर, अचलपूर अशी ती अरुंद रुळांची गाडी. १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर चालली, पुढे डिझेलवर आली, आणि गेली काही वर्षे बंदच आहे. तिच्याविषयी एक गोष्ट प्रत्येक चहाच्या टपरीवर सांगितली जाते. ती अशी, की देश स्वतंत्र झाला तरी ही गाडी अजून इंग्रजांच्याच मालकीची, आणि आपले सरकार दरवर्षी कोट्यवधी रुपये भाडे लंडनला पाठवते. कोणी एक कोटी सांगतो, कोणी सव्वा कोटी, कोणी त्याहून अधिक. मीही ही गोष्ट फाटकसभांत अनेक वेळा सांगितली. परकी भांडवलावर टीका करायची, तर याहून चांगला दाखला कोठे मिळणार? टाळ्या हमखास पडत.

एकदा मूर्तिजापूरला मी हीच गोष्ट सांगत होतो. सभा संपल्यावर एक पोरसवदा हमाल जवळ आला आणि म्हणाला, “भाऊ, पैसे लंडनले जाते, हे कशावरून?” मी म्हणालो, “अरे, सगळ्यांना ठाऊक आहे.” तो म्हणाला, “सगळ्यायले ठाऊक हाय, ते मलेबी ठाऊक हाय. पन कशावरून?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी ती गोष्ट एका वक्त्याकडून ऐकली होती. त्या वक्त्याने ती आणखी कोणाकडून ऐकली असेल.

घरी येऊन मी शोधाशोध केली, तेव्हा दोन गोष्टी पक्क्या हाती लागल्या. एक, या मार्गाची मालकी रेल्वेची नव्हती, सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी या खाजगी कंपनीची होती. गाड्या मात्र सरकारी रेल्वे करारावर चालवीत असे. दुसरी, त्या कंपनीची व्यवस्था किलिक निक्सन या पेढीकडे होती, आणि ती पेढी इंग्रजांनी १८५७ साली मुंबईत काढलेली होती. बस्स. इंग्रजांनी मुंबईत काढलेली पेढी म्हणजे आजही इंग्रजांचीच पेढी, ही पुढची उडी मी स्वतःच मारीत होतो. इंपीरियल बँक ही इंग्रजी अमदानीतली. १९५५ साली तिची स्टेट बँक झाली. म्हणून स्टेट बँकेतला आपला पैसा लंडनला जातो, असे कोणी म्हणेल काय? पण शकुंतलेच्या बाबतीत आपण तेच म्हणतो आणि म्हणताना आपल्याला शंकाही येत नाही. त्या दिवसापासून ती गोष्ट मी सांगायची सोडली. टाळ्या थोड्या कमी झाल्या, एवढेच.

त्यानंतर मला एक खोड लागली. चारचौघांत बसलो, की कोण काय आधार देऊन बोलतो हे मी ऐकू लागलो. एका संध्याकाळी राजकमल चौकाजवळच्या टपरीवर आम्ही पाचसहा जण बसलो होतो. कापसाचे भाव, पगारवाढ, जुनी माणसे, नवी माणसे, इतिहास, औषधे, अशा बऱ्याच गोष्टी निघाल्या. मी खिशातल्या वहीत उभी रेघ मारून दोन रकाने केले. कोणी काही ठाम विधान केले, की डाव्या रकान्यात एक खूण. त्याने ते कोठून कळले हे सांगितले, की उजव्या रकान्यात एक खूण. दुसरा चहा येण्यापूर्वी डावा रकाना भरला होता. उजव्या रकान्यात एका हाताच्या बोटांना पुरतील एवढ्याही खुणा नव्हत्या. मौज अशी, की डाव्या रकान्यात माझ्या स्वतःच्या खुणाही बऱ्याच होत्या.

आधाराच्या जागी आपण काय वापरतो, तेही त्या वहीवरून दिसले. पहिला शब्द ‘म्हणतात’. कोण म्हणतात, याचा पत्ता नाही. दुसरा, ‘सर्वांना ठाऊक आहे’. या शब्दाने ऐकणाऱ्याचे तोंड बंद होते, कारण ठाऊक नाही म्हणणारा एकटा पडतो. तिसरा, ‘पेपरात आले होते’. कोणत्या पेपरात, कोणत्या दिवशी? चौथा अलीकडचा, ‘मोबाइलवर आले आहे’. हे तर पत्र कोणाचे ते न बघता पोस्टमनचे नाव सांगण्यासारखे झाले. आणि पाचवा शब्द सर्वांत वजनदार. अमुक मोठा माणूस असे म्हणाला होता.

या पाचव्या प्रकाराविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण तो आधारासारखा दिसतो. परवाच १४ एप्रिल झाला. गावोगाव व्याख्याने झाली. किती वक्ते ‘बाबासाहेब म्हणाले होते’ असे सांगून गेले आणि त्यांपैकी कितींनी कोठे म्हणाले होते ते सांगितले? बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून खंडशः प्रसिद्ध केली आहेत. खंड सांगता येतो, पान सांगता येते. स्वतः बाबासाहेब एखादे विधान करीत, तेव्हा ग्रंथ आणि अहवाल पुढे ठेवून करीत. शत्रूनेही ते उघडून पाहावे, अशी त्यांची तयारी असे. आपण मात्र त्यांचे नाव घेतो आणि त्यांची पद्धत सोडून देतो. मोठ्या माणसाचे नाव घेणे आणि त्याच्या शब्दांचे ठिकाण सांगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाव घेतल्याने ऐकणारा दबतो, आणि ठिकाण सांगितले तर तो स्वतः जाऊन पाहू शकतो.

हा फरक मला कोणी शिकवला, तर अकोल्याच्या बाबूजी देशमुख वाचनालयात भेटलेल्या एका वयस्क वाचकाने. मी तेथे रविवारी जाऊन बसत असे. मिळेल ते वाचीत असे आणि छापलेले सर्व खरे मानीत असे. एकदा मी मराठी विश्वकोशाचा खंड उघडून बसलो होतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली वाईहून निघालेला हा विश्वकोश. त्याचा पहिला खंड १९७६ सालचा. ते गृहस्थ म्हणाले, “नोंद कोठून वाचायला लागतोस?” मी म्हणालो, “पहिल्या ओळीपासून.” ते म्हणाले, “आधी शेवट बघ.” शेवटी लेखकाचे नाव होते आणि त्याने पाहिलेल्या ग्रंथांची यादी होती. ते म्हणाले, “हा माणूस आपले नाव सांगतो आणि आपण कोठून शिकलो तेही सांगतो. म्हणून त्याच्याशी भांडता येते. ज्याच्याशी भांडता येत नाही, त्याचे लगेच खरे मानू नकोस.” माझे शिक्षण काय झाले असेल, ते या वाक्यापासून झाले.

आता आपण म्हणाल, टपरीवरच्या गप्पांना कोण खंड आणि पान विचारणार? गप्पांची गंमत जाईल. ते मला मान्य आहे. वेळ घालवण्यासाठी चाललेल्या बोलण्याला कोणी हिशेब मागू नये. परंतु आपल्या बोलण्यावर दुसरा माणूस उद्या काही पाऊल उचलणार असेल, तर गोष्ट वेगळी होते. हे मला फार महागात कळले, आणि किंमत मला नव्हे, दुसऱ्यांना द्यावी लागली. तो प्रसंग मी सभेत कधी सांगितलेला नाही. आज सांगतो.

१९९९ सालची गोष्ट. अकोल्यातल्या एका दालमिलमध्ये डाळ निवडणाऱ्या बाया होत्या. मिलचे नाव घेण्याचे कारण नाही. त्यांना ठरलेल्या किमान वेतनापेक्षा कमी मजुरी मिळत होती. त्या माझ्याकडे आल्या. मी नव्या उत्साहाचा कार्यकर्ता. मी म्हणालो, आधी बोलणी करू. अर्ज करायला एक वर्षाची मुदत आहे, घाई नाही. मुदत एक वर्षाची आहे, हे मला एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने कधी तरी सांगितले होते. ते अनुभवी होते, चळवळीत त्यांचे केस पांढरे झाले होते. त्यांना ‘कशावरून’ विचारणे मला उद्धटपणाचे वाटले असते, आणि पुस्तक उघडून पाहणे म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणे.

बोलणी लांबली. फरक पडू लागल्यापासून अकराव्या महिन्यात आम्ही अर्ज केला. तेव्हा उघड झाले, की एक वर्षाची मुदत होती ती १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात, कलम १५ मध्ये. आमचा अर्ज होता १९४८ च्या किमान वेतन कायद्याखाली, आणि त्याच्या कलम २० मध्ये मुदत होती सहा महिन्यांची. त्या ज्येष्ठांनी मला खोटे सांगितले नव्हते. त्यांनी एका कायद्याची गोष्ट सांगितली, मी ती दुसऱ्या कायद्याला लावली. उशिराला सबळ कारण असेल तर अधिकाऱ्याला अर्ज घेता येत असे. परंतु ‘आमच्या पुढाऱ्याने सांगितले म्हणून आम्ही थांबलो’ हे कारण सबळ ठरले नाही. मागच्या सहा महिन्यांचा फरक मिळाला. त्याआधीच्या पाच महिन्यांचा गेला.

पाच महिन्यांचा फरक म्हणजे आपल्याला फार मोठी रक्कम वाटणार नाही. त्या बायांच्या घरी तो शाळेच्या फीचा, दवाखान्याचा, किराण्याच्या उधारीचा पैसा होता. मी त्यांना निकाल सांगायला गेलो. त्या चिडतील, अशी माझी अपेक्षा होती. त्यांतली एक वयस्क बाई एवढेच म्हणाली, “भाऊ, वर्साची मुदत हाय म्हून तुमाले कोनं सांगतलं होतं?” बोलण्यात राग नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते. आणि माझ्या लक्षात आले, की हा प्रश्न तिने मला अकरा महिन्यांपूर्वी विचारला असता, तर मी पुस्तक उघडले असते आणि तिचे पैसे वाचले असते. तिने का विचारला नाही? मी ज्येष्ठांना जो प्रश्न विचारला नाही, तोच तिने मला विचारला नाही, आणि कारणही एकच. ज्याच्यावर विश्वास आहे, त्याला ‘कशावरून’ विचारायचे नसते, असे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले आहे.

मंडळी, माझा मुद्दा येथे आहे. ‘कशावरून’ हा प्रश्न आपण अविश्वासाचा समजतो. वकिलाने उलटतपासणीत विचारावा, पोलिसाने चौकीत विचारावा, असा. म्हणून घरात धाकटा थोरल्याला विचारीत नाही, शाळेत मुलगा गुरुजींना विचारीत नाही आणि संघटनेत कामगार पुढाऱ्याला विचारीत नाही. ज्यांनी एकमेकांना हा प्रश्न सर्वांत आधी विचारायचा, तेच विचारीत नाहीत. वस्तुतः हा प्रश्न विश्वासाच्या माणसांतच निर्धास्तपणे विचारता आला पाहिजे. आणि त्याहूनही चांगले असे, की तो विचारण्याची वेळच येऊ नये. सांगणाऱ्याने आपण होऊन सांगावे की, बाई, हे मी अमक्याकडून ऐकले आहे, मी स्वतः वाचलेले नाही. एवढे एक वाक्य मी त्या दिवशी बोललो असतो, तर त्यांच्यातलीच कोणी म्हणाली असती, मग वाचून या.

कोणी म्हणेल, आधार सांगणे, मूळ शोधणे ही पाश्चात्त्य विद्यापीठांची रीत; आपल्याकडे श्रद्धेने ऐकण्याची परंपरा आहे. अशा माणसाला मी अमरावतीहून मोर्शी तालुक्यात नेईन. तेथे रिद्धपूर आहे. २०२४ साली तेथे मराठी भाषेचे विद्यापीठ सुरू झाले, ते त्या गावाच्या पुण्याईमुळे. तेराव्या शतकाच्या अखेरीस याच रिद्धपुरात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी एकत्र केल्या. तेच लीळाचरित्र, मराठीतला पहिला मोठा गद्य ग्रंथ.

तो कसा तयार झाला, ते पाहण्यासारखे आहे. स्वामी निघून गेलेले. म्हाइंभट विद्वान पंडित. ‘मला ठाऊक आहे’ म्हणून त्यांनी एकट्याने बसून चरित्र लिहिले असते, तर कोण अडवणार होते? त्यांनी तसे केले नाही. ज्यांनी स्वामींना पाहिले होते, ज्यांनी त्यांचे बोलणे कानांनी ऐकले होते, त्या माणसांना त्यांनी विचारले. नागदेवाचार्यांकडून आठवणी पडताळून घेतल्या. विचारलेल्यांत सर्व काही पंडित नव्हते. महदाइसेसारख्या स्त्रियाही होत्या. ज्या काळात शास्त्र संस्कृतात आणि पुरुषांच्या तोंडी होते, त्या काळात प्रसंग जिने पाहिला तिची साक्ष मराठीत, तिच्या नावाने धरली गेली.

पुढे चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी गेली, असे पंथाची परंपरा सांगते. मग ज्यांना ती पाठ होती त्यांच्या स्मरणातून ती पुन्हा लिहिली गेली. हिराइसा नावाच्या स्त्रीच्या स्मरणातून उतरलेला पाठ तिच्याच नावाने ओळखला जातो. आणि सर्वांत महत्त्वाचे असे, की एकच प्रसंग दोघांना दोन तऱ्हांनी आठवत असेल, तर लिहिणाऱ्यांनी एक पुसून दुसरा ठेवला नाही. अमक्याच्या म्हणण्याप्रमाणे असे, तमक्याच्या म्हणण्याप्रमाणे तसे, अशी नावानिशी नोंद केली. ज्यांना ते परमेश्वराचा अवतार मानीत होते, त्यांच्याच चरित्रात त्यांनी मतभेद नोंदवून ठेवले! श्रद्धा कमी होती म्हणून नव्हे. श्रद्धा होती म्हणूनच, आपल्या सोयीचा शब्द त्यांच्या तोंडी जाऊ नये एवढी काळजी त्यांनी घेतली. शतकानुशतके सांकेतिक लिपीत राहिलेल्या या पोथ्या विसाव्या शतकात अभ्यासकांनी उजेडात आणल्या. आपल्या बुलडाणा जिल्ह्याचे डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेली लीळाचरित्राची आवृत्ती १९७८ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने काढली. कोणालाही ती उघडून पाहता येईल. तेव्हा आधार सांगण्याची रीत परकी आहे, असे निदान वऱ्हाडच्या माणसाने तरी म्हणू नये.

रिद्धपूरच्या या दाखल्यातून मला आणखी एक गोष्ट दिसते. आधार म्हणजे छापील पुस्तकच, असे नव्हे. म्हाइंभटांजवळ छापील पुस्तक कोठले? ‘मी पाहिले’ हा आधार आहे. ‘मी तिच्या तोंडून ऐकले आणि ती तेथे हजर होती’ हाही आधार आहे. दालमिलमधली बाई दिवसाकाठी किती पोती निवडून होतात हे सांगते, तेव्हा ती त्या विषयातली साक्षीदार असते. तिला कोणी पुस्तकाचे नाव विचारू नये. फक्त पाहिलेले आणि ऐकलेले यांची सरमिसळ होऊ देऊ नये. पाहिलेले पाहिले म्हणून सांगावे, ऐकलेले ऐकले म्हणून सांगावे, आणि अंदाज असेल तर अंदाज म्हणावे. निरक्षर माणूसही एवढे करू शकतो. पुष्कळ वेळा सुशिक्षितापेक्षा तोच ते अधिक नीट करतो.

आता या प्रश्नाचा दुरुपयोगही होतो, तेही सांगितले पाहिजे, नाहीतर मी एकच बाजू मांडल्यासारखे होईल. कामगार म्हणतो, मी येथे बारा वर्षे राबलो. समोरून प्रश्न येतो, कशावरून? नेमणुकीचे पत्र दाखव. नेमणुकीचे पत्र त्याला कधी दिलेलेच नसते. हजेरीपत्रक मालकाच्या कपाटात, पगारपत्रक मालकाच्या कपाटात, आणि पुरावा मागायचा तो रिकाम्या हाताच्या माणसाकडे! हा प्रश्न जिज्ञासेचा नसतो. तो दार लावून घेण्याचा असतो. म्हणून माझा एक साधा नियम आहे. ज्याच्या कपाटात कागद, त्याने तो आधी टेबलावर ठेवावा. सरकारी कपाटांच्या बाबतीत २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने हे तत्त्व मान्य केले आहे. आणि कामगारांना मी सांगत असतो, की पगाराची चिठ्ठी, भविष्यनिर्वाह निधीची नोंद, हातात पडेल तो कागद, पत्र्याच्या पेटीत जपून ठेवा. मोठ्या माणसाचा शब्द कागदावाचून चालून जातो. आपला चालत नाही. आधाराची सवय आपल्याला अधिक लागते, ती याच कारणाने.

अगदी अलीकडचे उदाहरण देऊन आवरते घेतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या आणि जुने बहुतेक कायदे त्यांत सामावले. लगेच मोबाइलवर निरोप फिरू लागला, की आता प्रत्येकाला एका वर्षाच्या नोकरीवर ग्रॅच्युइटी मिळणार. आमच्या वसाहतीतला एक मुलगा पेढ्यांचा पुडा घेऊनच माझ्याकडे आला. त्याची कायम नोकरी दोन वर्षांची होती. राजीनामा देऊन, मिळेल ती ग्रॅच्युइटी घेऊन धंदा काढायचा त्याचा बेत होता. मी विचारले, कशावरून? त्याने मोबाइल पुढे केला. मी म्हणालो, हा निरोप झाला, कायदा कोठे आहे? आम्ही दोघांनी बसून २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता काढली आणि कलम ५३ वाचले. एका वर्षाची सवलत निश्चित मुदतीच्या नेमणुकीवरील कामगारांसाठी आहे. कायम कामगाराला सर्वसाधारणपणे सलग पाच वर्षांची सेवा पूर्वीप्रमाणेच लागते. निरोपात अर्धे खरे होते, आणि ते अर्धे दुसऱ्याच्या उपयोगाचे होते. पोराने राजीनाम्याचा कागद घडी करून खिशात ठेवला. पेढे मात्र आम्ही खाल्ले.

आणि ज्या मुदतीने दालमिलमधल्या बायांचे पाच महिने गेले, ती मुदत? २०१९ च्या वेतन संहितेच्या कलम ४५ प्रमाणे असा दावा आता तीन वर्षांपर्यंत करता येतो. हे मी त्या कलमाचे पान उघडून, दोनदा वाचून, मग आपल्याला सांगत आहे. त्या बायांना त्याचा उपयोग नाही.

अमरावतीकर बंधुभगिनींनो, मी काही मोठा कार्यक्रम घेऊन आलेलो नाही. घरी जेवायला बसल्यावर मुलाने ‘बाबा, कशावरून?’ विचारले, तर त्याच्या ताटावर डोळे वटारू नका. ठाऊक असेल तर सांगा, नसेल तर ‘ऐकले आहे, पाहू’ असे म्हणा. एखादा निरोप पुढे पाठवण्याआधी तो कोणाचा, हे एकदा स्वतःला विचारा. सभेत वक्त्याला टाळी द्या, पण खाली उतरल्यावर त्याला ठिकाण विचारा. खरा वक्ता असेल तर त्याला राग येणार नाही. मला तरी आता येत नाही.

शेवटी, ज्याने हा विषय काढला, त्यालाही तो लागू झाला पाहिजे. आज मी काही साले, काही कलमे, काही नावे घेतली. शकुंतलेविषयी बोललो, रिद्धपूरविषयी बोललो. ती तपासून पाहा. वाचनालय जवळच आहे. कोठे चुकलो असेन, तर चिटणीसांकडे चिठ्ठी ठेवा. ती मला मिळेल, आणि पुढच्या सभेत मी ती चूक तुमच्या नावानिशी सांगेन.